कंपनी लाखाची, नोकरी दहा जणांची

बाळा,

हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीचं तुझं ऑफर लेटर दादानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. जीव सुखावला. आता इस्लामपूरच्या घरी दोन प्रकारची माणसं तुझं डोकं खात असणार. एक म्हणत असतील, "सुटलीस, आयुष्याची चिंता मिटली." दुसरे म्हणत असतील, "तिथं फार दिवस राहू नको, माणूस गंजतो." हे दोघंही एकाच कंपनीत, कधीकधी एकाच मजल्यावर काम केलेले असतात, आणि दोघंही खरं बोलतात.

टीसीएस १९६८ सालची. इन्फोसिस १९८१ साली आपल्या पुण्यातच सात जणांनी दहा हजार रुपयांवर सुरू केली. आज पहिलीत सहा लाखांच्या आसपास माणसं आहेत, दुसरीत तीन लाखांच्या वर. इतक्या माणसांना एकच अनुभव येईल कसा? म्हणून माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा आधीच सांगते: कंपनी लाखाची, नोकरी दहा जणांची. तुझा मॅनेजर, तुझं प्रोजेक्ट, आजूबाजूला बसणारी आठ-दहा माणसं आणि घरापासूनचा रस्ता, यांच्यावर ठरतं की सोमवारी सकाळी तुला उठावंसं वाटेल की नाही. गेटवरच्या पाटीचा त्यात वाटा फार थोडा. हे ज्याला लवकर कळतं तो कंपनीच्या नावानं फुलत नाही आणि कंपनीच्या नावानं बोटंही मोडत नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण सही तिथं होते.

१. सीटीसीचा आकडा पेढ्यांबरोबर वाटण्याआधी त्याखालचा तक्ता वाच — कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, व्हेरिएबल असं सगळं त्यात धरलेलं असतं, आणि यातलं बहुतेक दरमहा बँकेच्या खात्यावर जमा होत नाही.

२. महिन्याचा खर्च नेहमी इन-हँड पगारावर बसव, व्हेरिएबल त्यात धरू नकोस — व्हेरिएबल कंपनीच्या तिमाहीवर, तुझ्या युनिटवर आणि तुझ्या रेटिंगवर अवलंबून असतं, हप्ता मात्र पाच तारखेलाच कापला जातो.

३. साडेतीन-चार लाखांचं पॅकेज आहे म्हणून तोंड पाडू नकोस, पण त्यात रमूही नकोस — फ्रेशरचा हा आकडा आमच्या क्षेत्रात दहा-बारा वर्षं जवळपास जागचा हललेला नाही, आणि लोकांची ती खरी तक्रार आहे. पगार उडी मारतो तो तीन-चार वर्षांनी, आणि तेव्हा बाजारात तुझ्या हातातलं काम विचारतात.

४. सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट असेल तर पान न पान वाच. मूळ मार्कशीट दाखव आणि तिथल्या तिथे परत घे — सोडून जाताना किती रक्कम मागतील आणि किती दिवसांची नोटीस लागेल हे त्याच कागदात असतं, आणि नेमका तोच कागद कुणी वाचत नाही.

५. नोकरी बदललीस तरी पीएफचा यूएएन नंबर तोच दे आणि जुनी रक्कम ट्रान्सफर कर, काढू नकोस — सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेत आधीची वर्षं ट्रान्सफर केली की जोडली जातात.

६. पाच वर्षं पुरी व्हायला दोन-चार महिने राहिले असतील तर नवी ऑफर थोडी थांबव — कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क साधारण तिथूनच सुरू होतो. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार ५०,००० आणि सेवा ६ वर्षं असेल तर १५/२६ च्या हिशेबानं १ लाख ७३ हजार रुपये होतात. हिशेब सगळ्या सीटीसीवर होत नाही.

७. वर्षाच्या मध्ये कंपनी बदललीस तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नवीन ठिकाणी लेखी कळव — नाहीतर दोन्हीकडे करातली सूट धरली जाते, आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम मोठा कर समोर येतो.

८. कंपनीचा मेडिक्लेम कितीही भारी असला तरी स्वतःची एक छोटी पॉलिसी तरुणपणीच घे, आई-बाबांचीही वेगळी घे — कंपनीचं संरक्षण शेवटच्या दिवसाबरोबर संपतं, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पैशाचं एवढं पुरे. आता रस्ता. तुला वाटेल, आत्या रस्त्यावर एवढं का बोलते? हिंजवडीत लोक कामाला कंटाळून जितके जातात तितकेच भूमकर चौकाला कंटाळून जातात, म्हणून. वाकडचा पूल, भूमकर चौक, हिंजवडीचा शिवाजी चौक आणि मग फेज तीनपर्यंतची रांग; पाऊस जोरात झाला की या सगळ्यात पाणी. माझ्या पाहण्यातला एक हुशार मुलगा कोथरूडहून फेज तीनला यायचा. काम आवडीचं, मॅनेजर भला, रेटिंग चांगलं. पण रोजचे तीन-साडेतीन तास बाइकवर गेले की घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. त्यानं कमी पगारावर बाणेरची नोकरी धरली, आणि त्याला कुणीही वेडा म्हटलं नाही.

९. खोली घेताना भाडं आणि अंतर दोन्ही मांडून बघ, आणि सकाळी नऊच्या गर्दीत एकदा स्वतः जाऊन बघ — ब्रोकर दाखवतो ती खोली रविवारी दुपारी, तेव्हा सगळंच दहा मिनिटांवर असतं.

१०. घर जवळ त्याचं निम्मं ऑफिस सोपं. दोन हजार जास्त गेले तरी चालतील — वाचलेल्या तासात झोप, अभ्यास किंवा आईला फोन होतो, आणि दुसऱ्या वर्षी याचा फरक तब्येतीवर दिसतो.

११. कंपनीची बस असेल तर पास पहिल्याच आठवड्यात काढ — जागा लवकर भरतात, आणि बसमध्ये दुसऱ्या प्रोजेक्टची माणसं भेटतात. नवीन जागा कुठे निघते आहे हे मला कायम बसमध्येच आधी कळायचं.

१२. रात्रीची शिफ्ट असली तर कंपनीच्या कॅबनंच घरापर्यंत ये, आणि शेवटची उतरणारी मुलगी तू असशील तर सोबत सुरक्षारक्षक आहे का हे विचारायला लाजू नकोस — महाराष्ट्रातल्या कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय काम लावता येत नाही, आणि घरी पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. तो हक्क आहे, मेहेरबानी समजू नकोस.

आता कामाकडे येऊ. मोठ्या कंपनीत लोकांना काय आवडतं, हे जुन्या माणसांना विचार. सांगतील: पगार वेळेवर होतो. पहिले काही महिने पगार देऊन शिकवतात. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये गेलेली मुलं चाळिशीतही तिथल्या आठवणी काढतात. आजारी पडलो तर जागा धरून ठेवतात. बाळंतपणाची रजा मागताना तोंड वेंगाडावं लागत नाही. आणि पहिल्या बॅचचे मित्र जन्मभर राहतात. हे सगळं खरं आहे आणि साधं नाही. ज्यांच्या घरात आधी कुणाला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार नव्हता, अशा कितीतरी घरांना या नोकऱ्यांनी उभं केलं. तुझ्या कॉलेजच्या बसमधल्या मुलींना विचार.

नावडतं काय? एका लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकायला तीन मंजुऱ्या. आवडलेलं काम मिळेल याची खात्री नाही. वर्षभर राबून रेटिंग मधलंच. दिवसाचे चार तास कॉलवर, आणि खरं काम सुरू होतं संध्याकाळी सहाला. हेही सगळं खरं आहे. यातलं थोडं तुझ्या हातात आहे, त्याबद्दल सांगते.

१३. पहिलं प्रोजेक्ट मिळेल ते घे, पण दीड-दोन वर्षांनी आपण तिथंच का आहोत हे स्वतःला विचार — मोठ्या कंपनीत कुणी तुला हलवत नाही, कारण क्लायंटला बसलेलं माणूस हवं असतं. अंतर्गत जागांची यादी महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघ.

१४. "मला जावा येत नाही" असं म्हणू नकोस, "मला जावा शिकायला तीन आठवडे द्या" असं म्हण — पहिल्या वाक्यानं नाव खोडलं जातं, दुसऱ्यानं लिहिलं जातं.

१५. दर शुक्रवारी पाच ओळींची एक नोंद ठेव: काय केलं, काय अडलं, कुणाला मदत केली — मार्चमध्ये अप्रेजलचा फॉर्म भरताना मागच्या जूनमध्ये काय केलं हे कुणालाच आठवत नसतं, मॅनेजरला तर नाहीच.

१६. तोंडी ठरलेलं संध्याकाळच्या आत एका मेलमध्ये लिहून पाठव: "आज बोलल्याप्रमाणे…" एवढीच सुरुवात पुरे — बोलला तो विसरला, लिहिला तो उरला. यात अविश्वास नसतो. समोरच्यालाही पुढे तोच मेल उपयोगी पडतो.

१७. अडलं तर अर्धा तास स्वतः झगड, मग विचार — दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी "झालं नाही" म्हणणाऱ्या हुशार मुलीपेक्षा पहिल्याच दिवशी विचारणारी साधी मुलगी टीमला परवडते.

१८. टाइमशीट शुक्रवारीच भर — लहान गोष्ट आहे, पण ती राहिली की मॅनेजरच्या वरच्यांकडे लाल यादीत तुझं नाव जातं, आणि त्यांना तुझ्याबद्दल तेवढंच माहीत होतं.

१९. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नकोस, आणि लावावाच लागला तर मागे कसं फिरायचं हे आधी लिहून ठेव — १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली, विमानं खोळंबली, दवाखाने अडले. तो दिवस शुक्रवार होता.

२०. चूक झाली तर सगळ्यात आधी तू सांग, आणि काय करते आहेस तेही सांग — सुरुवातीच्या दहा मिनिटांत चार माणसं मदतीला येतात. दोन तासांनी तीच चार माणसं चौकशीला बसतात.

सपोर्टच्या प्रोजेक्टबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण त्याचं नाव ऐकूनच मुलं नाक मुरडतात. आमच्या टीममध्ये साताऱ्याची एक मुलगी होती. तिला आला परदेशी बँकेचा सपोर्ट. रात्री अडीचला बॅच जॉब पडायचा, फोन वाजायचा, आणि ही बिचारी स्वयंपाकघरातला दिवा लावून, घरचे उठू नयेत म्हणून ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं लॉग वाचायची. पहिल्या महिन्यापासून तिनं एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर तारीख, वेळ, कोणता जॉब, एररची ओळ. उजव्या पानावर कशानं सुटलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायला हवं. सहा-सात महिन्यांत तिच्या लक्षात आलं की निम्म्याहून जास्त रात्री एकाच कारणानं जातात: एका दुसऱ्या सिस्टिमची फाइल उशिरा येते आणि आपला जॉब तिची वाट न बघता सुरू होतो. तिनं ते क्लायंटला वहीतल्या तारखांसकट दाखवलं. जॉब सुरू होण्याआधी फाइल आली का हे तपासणारी छोटीशी स्क्रिप्ट तिनंच लिहिली. रात्रीचे फोन झपाट्यानं कमी झाले. पुढे त्या अकाउंटमधली माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा क्लायंटनं ज्यांची नावं घेऊन "यांना ठेवा" म्हटलं त्यांत ती पहिली होती. डेव्हलपमेंट मिळालं नाही म्हणून रुसलेले तिच्याबरोबरचे दोघं बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसायला गेले. काम हलकं-भारी नसतं असं मी म्हणणार नाही, असतं. पण कंटाळवाण्या कामातही कुणीच न पाहिलेला एक कोपरा असतो, आणि तो बघणाऱ्याचा होतो.

२१. बेंचवर बसायची वेळ आली तर घाबरू नकोस आणि सुस्तावूही नकोस — बेंच म्हणजे पेरणीआधीचं रान, रिकामं दिसतं पण नांगरट तेव्हाच करायची असते. रोज ऑफिसला जा, एक सर्टिफिकेशन पुरं कर, आणि आठवड्यातून दोनदा स्वतः पाच मॅनेजरांना मेल कर. बेंचचे दिवस मोजले जातात.

२२. कंपनी फुकट देते ते शिक्षण आधी संपव: परीक्षेची कुपनं, ऑनलाइन कोर्स, अंतर्गत व्याख्यानं — बाहेर यालाच हजारो रुपये पडतात, आणि इथं ते न वापरताच बहुतेकांची वर्षं जातात.

२३. रेटिंग कमी आलं तर त्या दिवशी काही बोलू नकोस, दोन दिवसांनी शुक्रवारच्या नोंदी घेऊन बस आणि "पुढच्या सहा महिन्यांत काय दिसलं तर ते बदलेल?" एवढंच विचार — कित्येकदा वरून ठरलेल्या टक्केवारीत नावं बसवावी लागतात. मायक्रोसॉफ्टनं असली सक्तीची क्रमवारी २०१३ साली बंद केली. माणसं एकमेकांना मदत करेनाशी होतात, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. माझ्या मते हा प्रकार सगळीकडूनच जायला हवा, पण जोवर आहे तोवर नोंदी हेच तुझं म्हणणं.

२४. मॅनेजर कसा आहे हे त्याच्या गोड बोलण्यावरून ठरवू नकोस. क्लायंटसमोर चूक निघाली तेव्हा तो कुणाचं नाव घेतो ते बघ — चांगला मॅनेजर वर जाताना "माझी चूक" म्हणतो आणि खाली येऊन तुला समजावतो. असा मिळाला तर थोड्या जास्त पगारासाठी त्याला सोडू नकोस. हाइक बघून गेला, मॅनेजर बघून परत आला, असे कितीतरी पाहिलेत.

२५. उलट मॅनेजर अपमान करणारा असेल तर कंपनी सोडण्याआधी प्रोजेक्ट बदलून बघ — मोठ्या कंपनीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की तोच पीएफ, तीच रजा, तोच विमा ठेवून माणसं बदलता येतात. छोट्या कंपनीत ही सोय नसते.

२६. रोज रात्री दहापर्यंत बसून मेहनती दिसायचा प्रयत्न करू नकोस — २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींच्या आठवड्याला ७० तास काम करण्याच्या बोलण्यावर देशभर वाद झाला. मला एवढंच माहीत आहे, की वेळेवर निघणाऱ्या पण सांगितल्या दिवशी काम देणाऱ्या माणसाला कुठलीही टीम सोडायला तयार नसते. रिलीजच्या आठवड्यात मात्र थांब, कुरकुर न करता थांब.

२७. कॉलला बोलावलं तर "माझ्याकडून काय हवंय?" हे आधीच विचार — अर्ध्या कॉलना तुझी गरज नसते, आणि विचारलं की तेच सांगतात, "तू नाही आलीस तरी चालेल."

२८. गेटवरचे सिक्युरिटीवाले, झाडणाऱ्या मावशी, हेल्पडेस्कचा मुलगा, यांना नावानं हाक मार — माणुसकी म्हणून मार. मग कधी क्लायंटच्या डेमोच्या सकाळी लॅपटॉप चालू झाला नाही, तर तो मुलगा हातातला चहा ठेवून येतो.

२९. डबा एकटीनं डेस्कवर खाऊ नकोस — कँटीनमध्ये चार टीमची माणसं बसतात, आणि परप्रांतातून आलेल्या मुलीला तुझ्या डब्यातल्या खर्ड्यानं जी ओळख होते ती टीम आउटिंगनं होत नाही.

आता ज्या गोष्टींनी होत्याचं नव्हतं होतं, त्या. या वाचताना फोन बाजूला ठेव.

३०. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचे फोटो, बँकेचे कागद, कविता, काही ठेवू नकोस, आणि पेस्लिप दर महिन्याला स्वतःकडे उतरवून घे — जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं १२,००० जणांची कपात जाहीर केली, तेव्हा कितीतरी जणांना ती मेलनं कळली आणि आतला प्रवेश लगेच बंद झाला.

३१. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची माहिती बाहेरच्या एआयमध्ये चिकटवू नकोस. कंपनीनं दिलेलं साधन असेल तेच वापर — २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी असं केल्याचं उघड झालं आणि कंपनीनं तिथं त्यावर बंदी घातली. मंजुऱ्यांचा कंटाळा येतो हे कबूल, पण त्या मंजुऱ्यांच्या पलीकडे कुणाच्या तरी बँकेतली पुंजी असते.

३२. नोकरीत असताना चोरून दुसरं काम धरू नकोस; क्लास घ्यायचे असतील तर लेखी परवानगी माग — २०२२ मध्ये विप्रोनं अशा ३०० जणांना काढलं, आणि पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्या लपत नाहीत.

३३. रेझ्युमेत खोटा अनुभव टाकू नकोस, मैत्रिणीची मुलाखतही तू देऊ नकोस — पडताळणी चार महिन्यांनीही येते, आणि तेव्हा घराचा करार, आईचा आनंद सगळंच अडकलेलं असतं.

३४. कुणी नको तसं बोललं, वागलं, तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून ठेव, मला फोन कर, आणि अंतर्गत समितीकडे जा — २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. "करिअर खराब होईल" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. घरचे सगळे तुझ्या बाजूनं उभे राहतील, हे मी दादाकडून वदवून घेतलंय.

३५. पुढचं ऐकून आत्ता तू लाजशील, पण ऐक: पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय लागते — चांगल्या चांगल्या मुलींनी हे न विचारता राजीनामे दिलेत. आधी पाळणाघर बघून यायचं, मग निर्णय घ्यायचा.

३६. ऑनसाइट मिळालं तर जा, नक्की जा, पण पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या एडिसनमध्ये घर घ्यायची स्वप्नं रंगवू नकोस — तिथला एच-१बी व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर सहसा ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा निघायचं असतं. इथलं खातं, इथली पॉलिसी आणि इथली माणसं चालू ठेव.

३७. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत कार घेऊ नकोस — २०२५ च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीनंही सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले होते. घराचा हप्ता आणि मुलांची फी एकदम सुरू असते ती याच वयात.

३८. दर वर्षी एकदा रेझ्युमे नवा कर आणि एखादी मुलाखत दे, नोकरी बदलायची नसली तरी — बाजारात आपल्याला काय विचारतात हे कळतं, आणि कपातीच्या बातमीनं झोप उडत नाही.

३९. रजा साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. गणपतीची रजा जूनमध्येच टाक — सणाला अर्धी टीम मागते आणि आधी मागणाऱ्याला मिळते. तू गौरींना आली नाहीस तर आई फोनवर काही बोलणार नाही, पण तिचा आवाज तुला कळेल.

४०. सोडायचं ठरलं तर नवीन ऑफर लेटर हातात आल्यावरच पेपर टाक, तोंडी शब्दावर नाही — बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांची नोटीस असते, आणि नव्या जागेला माणूस उद्या हवं असतं. दोन्हीकडच्या तारखा लेखी जुळल्या की मगच मॅनेजरला सांग, आणि सगळ्यांच्या आधी त्याला सांग.

४१. नोटिशीच्या दिवसांत काम नेहमीपेक्षा नीट कर, सगळं लिहून दे, आणि निरोपाच्या मेलमध्ये कुणाचा राग काढू नकोस — जाताना दार हळू लावावं, पुन्हा वाजवायची वेळ येते. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्टा मिळून एकच गाव आहे. आजचा टीम लीड पुढे तुझी मुलाखत घेत असतो.

४२. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि पीएफवर टाकलेली शेवटची तारीख, हे तिन्ही हातात आल्याशिवाय जुन्या एचआरचा नंबर पुसू नकोस — पुढची कंपनी तेच मागते, आणि वर्षभरानं शोधायला गेलं की तिथला एचआरच बदललेला असतो.

एवढं वाचून भेदरू नकोस गं. ही नोकरी चांगली आहे. ती घ्यावीस असंच मला वाटतं, आणि निदान तीन वर्षं मनापासून करावीस असंही वाटतं. तुझ्यासारख्या बुजऱ्या मुलीला चार राज्यांच्या माणसांत उभं राहून बोलायला शिकवणारी यापेक्षा बरी जागा मला ठाऊक नाही.

एक काम मात्र पहिल्या महिन्यातच कर. पीएफच्या पोर्टलवर जाऊन आई-बाबांचं ई-नॉमिनेशन भर. आधार आणि दोघांचे फोटो लागतात, ते घरून आजच मागवून घे. पीएफबरोबर जो विमा येतो त्यात घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि नॉमिनी नसला तर त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतात. भरून झालं की मला फोन कर.